तेहेतीस लिटरचं वाण

सर्वगुणसंपन्न जावईबापू यांस,
मुक्काम घोडेगाव, तालुका आंबेगाव येथून सासऱ्याचे अनेक आशीर्वाद.

येत्या १७ मे रोजी अधिक ज्येष्ठ लागतो आहे. १५ जूनपर्यंत धोंड्याचा महिना. त्याची वर्दी मला पंचांगाआधी स्वयंपाकघरातून मिळाली. आपल्या सासूबाई अनारशांच्या तांदळाचा हिशेब करू लागल्या, सराफाकडे यंदा वाटी बघायची की निरांजन, यावर सुनेशी खल सुरू झाला, आणि मला एक ताकीद मिळाली. "मागचं काही एक बोलायचं नाही. जावई म्हणजे नारायण." ताकीद मी तंतोतंत पाळतो आहे. बोलत नाही, लिहितो आहे. लिहिण्याबद्दल त्या काही म्हणाल्या नव्हत्या, आणि उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपत्रकं वाचण्यात गेल्यामुळे त्यात काय लिहिलेलं नाही, ते मला आधी दिसतं.

पत्र खुलं का, असं आपण विचाराल. बंद पाकीट आपण उघडाल याबद्दल शंका नाही. आत लिहिलेलं वाचाल याबद्दल आहे. आमच्या बोलेरोच्या टाकीचं झाकण त्या दिवशी आपल्या डोळ्यांदेखत उघडलं गेलं. त्यावर 'डिझेल' असं ठळक लिहिलेलं आहे. मला ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीही दिसत होतं.

२०२३ सालचा अधिक श्रावण आठवा. १८ जुलैला लागलेला. आपण, आमची लेक आणि नात शनिवारी आलात. पाट, रांगोळी, औक्षण झालं. पुरणाच्या धोंड्यांवर तुपाची धार पडली आणि ताटात तेहेतीस अनारसे आले. रविवारी सकाळी आपण म्हणालात, "जरा लेण्याद्री-ओझर करून येतो." दोन अष्टविनायक शेजारच्याच तालुक्यात, पुण्य स्वस्त. आपली छोटी गाडी अंगणात ठेवून आपण बोलेरोची किल्ली मागितलीत, कारण आपल्या गाडीचं पोट रस्त्याला घासतं. किल्ली मी आनंदाने दिली. वर आपण म्हणालात, "येताना टाकी फुल करून आणतो, बाबा." मी नको म्हणालो. जावयाच्या पैशाने गाडी कोण भरतो? आपण ऐकलं नाहीत. आपल्या औदार्याला मी तेव्हा अडवू शकलो नाही, ही रुखरुख मला अजून आहे.

दोन्ही गणपतींचं दर्शन यथास्थित झालं. आपण नारायणगावच्या पुढे हायवेवर पंपावर थांबलात. नारायण नारायणगावात पोचला आणि पुढचं रामायण घडलं.

तिथे काय झालं ते मला आपल्याकडून कळलं नाही, हे आधी नमूद करतो. पंपावरच्या मॅनेजरने मला कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं. त्याला आवाज नाही, पण आपल्या अभिनयाला आवाजाची गरजच नव्हती. आपण एका हाताने फोन कानाला लावला आहे. रविवार असूनही कंपनी आपल्याशिवाय चालत नसावी. पंपावरचं पोरगं येऊन काहीतरी विचारतं. आपण मान न वळवता मोकळा हात पेट्रोलच्या नळीकडे करता. पोरगं समोरच्या काचेकडे बघतं, परत काहीतरी विचारतं. त्यावर आपण हात असा झटकता की शिवनेरीवरून एखाद्या सरदाराने शिपायाला हुकूम सोडावा. पोरगं नळी घालतं. तेहेतीस लिटर, वर काही थेंब. अनारसे तेहेतीस, लिटर तेहेतीस! इतकी काटेकोर परतफेड आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत आजवर कुणी केली नव्हती. आणि पेट्रोल डिझेलपेक्षा महाग, म्हणजे वाणही भारीतलं.

त्या पोराने काचेकडे का पाहिलं, ते आपल्याला ठाऊक नसेल. नव्या गाड्यांच्या समोरच्या काचेवर नंबरप्लेटवाल्यांनी दिलेलं एक स्टिकर असतं. पेट्रोल आणि सीएनजीच्या गाडीला फिकट निळं, डिझेलच्या गाडीला केशरी. तो कुठल्या पक्षाचा रंग नव्हे, ती इंधनाची खूण आहे. दहावी शिकलेल्या पोराला ती ठाऊक होती. आपल्या पदव्यांची यादी लग्नपत्रिकेत दोन ओळींत बसवावी लागली होती, म्हणून ते लहानसं स्टिकर त्यात राहून गेलं असावं.

आता विषय थोडा शिकवतो. सवय जात नाही.

पेट्रोलची नळी बारीक, डिझेलची जाड. म्हणून पेट्रोलच्या गाडीत डिझेलची नळी सहसा शिरतच नाही. उलट मात्र सहज शिरते. डिझेलच्या गाडीचं तोंड मोठं, जो जे घालील ते घेते. निर्मात्याने एका बाजूची चूक आडमाप करून अडवली आणि दुसऱ्या बाजूची माणसाच्या अकलेवर सोडली. माणसाच्या अकलेवर इतका विश्वास ठेवणारा निर्माता जावयांना भेटलेला नसावा.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडायला प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात तो नसतोच. तिथे आधी नुसती हवा आत घेऊन तिला सोळाव्या हिश्शापर्यंत दाबतात. ती पाचशे अंशांच्या वर तापते, मग त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. डिझेलचा गुणच हा, की दाबाखाली चटकन पेट घ्यावा. पेट्रोलचा गुण नेमका उलटा: दाबाने पेटू नये, ठिणगीची वाट बघावी. पेट्रोलचा जो ऑक्टेन आकडा सांगतात, तो त्याच्या या सबुरीचा. म्हणजे एकाचा सद्गुण तोच दुसऱ्याच्या घरी दुर्गुण. नव्या सुनेला हे समजावून सांगावं लागत नाही. जावयाला लागतं.

गंमत बघा, आपण ज्या रस्त्याने गेलात त्याच्या पूर्वेला खोडद आहे. तिथे आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना आकाशातल्या बारीक रेडिओ लहरी ऐकत असतात. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात ग्रीन बँक नावाच्या गावी अशीच मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या आसपास फक्त डिझेलच्या गाड्या नेऊ देतात. पेट्रोलच्या गाडीतल्या प्लगच्या ठिणगीने रेडिओ लहरी सुटतात आणि दुर्बिणीच्या कानात खरखर होते. डिझेलचं इंजिन त्या बाबतीत मुकं. तर दुर्बिणींच्या देशात, ठिणगी नसलेल्या इंजिनाला, ठिणगीवाचून न पेटणारं इंधन आपण पाजलंत.

आणि नुसतं पेटण्याचं दुखणं असतं तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. नव्या डिझेल गाडीत इंधन इंजेक्टरमधून सोडायचा दाब सोळाशे बारच्या घरात जातो. आपल्या टायरात दोन बार हवा असते, म्हणजे त्याच्या आठशे पट. इतका दाब तयार करणारा जो पंप आहे, त्याला वेगळं ऑइल नाही. त्यातून जाणारं डिझेल हेच त्याचं वंगण. डिझेलला हात लावला की तो तेलकट होतो, तो तेलकटपणा त्या पंपाचा जीव आहे. पेट्रोल म्हणजे धुऊन काढणारं द्रव्य. मेकॅनिक ग्रीस लागलेले हात पेट्रोलने धुतात, ते उगीच नाही. वंगण धुऊन गेलं की लोखंडावर लोखंड घासतं, कीस पडतो, आणि तो कीस सोळाशे बारच्या दाबाने इंजेक्टरच्या केसाएवढ्या भोकांकडे निघतो. उरलेला परतीच्या नळीतून टाकीत. टाकीतून परत पंपात. प्रदक्षिणा चालू.

वडिलांच्या काळी घोड नदीच्या काठावर आमचं इंजिन होतं, किर्लोस्करचं. किर्लोस्करांनी १९४६ साली खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना घातला, आणि पुढे आमच्याकडे 'इंजिन' म्हटलं की लोकांना रेल्वेआधी विहिरीवरचं ते धूड आठवायचं. हँडल मारून सुरू करायचं, हँडल उलटलं तर मनगट जायचं. डिझेल मिळेना तेव्हा शेतकऱ्यांनी त्यात रॉकेल घातलं, गाळ असलेलं डिझेल फडक्याने गाळून घातलं, तरी ते ठकठक करत पाणी ओढत राहिलं. ती जात वेगळी होती. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाच्या धर्तीवर बनवलेलं एक इंजिन तर पॅरिसच्या १९०० सालच्या प्रदर्शनात चक्क शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं. जावईबापू, आपल्याला काही ना काही ओतायचंच होतं, तर सासूबाईंच्या फडताळात घाण्याचं शेंगदाणा तेल होतं. त्यानेही गाडी आजारी पडली असती, पण निदान पंपाला वंगण मिळालं असतं आणि आम्हाला खमंग वास. रुडॉल्फसाहेब १९१३ साली जहाजावरून रात्री समुद्रात नाहीसे झाले. का, ते कुणाला नीट उलगडलेलं नाही. पुढे आपल्या हातून काय होणार, हे त्यांना आधीच दिसलं असेल तर मी त्यांना दोष देणार नाही.

हे सगळं आपण वाचत असाल तर इथे क्षणभर थांबा, कारण आता मी आपली बाजू घेणार आहे.

पंपावर चुकीचं इंधन पडणं हा गुन्हा नव्हे. माणूस रोज पेट्रोल भरतो, तोंडातून सवयीने तेच निघतं. पुण्यात होतं, मुंबईत होतं, राजेरजवाड्यांकडेही होतं. २०२५ च्या जूनमध्ये मध्य प्रदेशात रतलामजवळ मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या डिझेल भरल्याभरल्या एकामागोमाग एक बंद पडल्या, कारण डिझेलात पाणी होतं. मुख्यमंत्र्यांच्या गाड्यांना जे चुकलं नाही, ते मास्तरांच्या बोलेरोला चुकावं असा माझा आग्रह नाही. आणि यावरचा उपाय इतका सोपा आहे की तो सांगताना लाज वाटते. किल्ली फिरवायची नाही. बस्स. इंजिन सुरू झालं नाही तर पेट्रोल टाकीतच राहतं. गाडी ढकलून बाजूला घ्यायची, मेकॅनिकला फोन करायचा, टाकी रिकामी करायची, फिल्टर बदलायचा. काही हजारांत आणि चहाच्या दोन फेऱ्यांत काम होतं. पोरगं आपल्याला पावती देत होतं. पावतीवर 'पेट्रोल' छापलेलं होतं. आपण ती घडी न मोडता गाडीच्या कप्प्यात ठेवलीत आणि किल्ली फिरवलीत.

बरं, तेव्हा कळलं नाही असं धरू. टाकीत आधीचं निम्म्याच्या आसपास डिझेल होतं, म्हणून गाडी लगेच बंद पडली नाही. आपण आळेफाट्याला पोचलात. तिथून डावीकडे ओतूर आणि पुढे माळशेज, कारण दोन गणपती केल्यावर आपल्याला धबधबेही हवे होते. आळे म्हणजे ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याच्या मुखी वेद बोलवले त्याच्या समाधीचं गाव. आपण गाडीतूनच हात जोडलेत, असं लेक सांगते. उतरून जोडायला हवे होते. रेड्याकडून वेद म्हणवून घेणारे माउली तिथून जवळ होते. डिझेलच्या इंजिनाला पेट्रोल पचवण्याचं काम त्यांच्याच तोडीचं आहे.

ओतूरच्या अलीकडे गाडी ठोकायला लागली. इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज, पिकअप नाही, मागून पांढरा धूर. हेही लेकीनेच सांगितलं. तिने आपल्याला विचारलं, "बाबांना फोन लावू का?" आपण म्हणालात, "काही नाही, घाटाची हवा आहे." मग आपण मोबाइलवर काहीतरी वाचलंत, चेहरा बदलला, पण तोंड उघडलं नाही. पुढच्या पंपावर पाचशे रुपयांचं डिझेल वरून ओतलंत, म्हणजे समतोल साधला जाईल. भाजीत मीठ जास्त झालं की बटाटा टाकतात, त्यातलाच उपाय. फरक एवढाच की बटाटा मीठ शोषून घेतो असं निदान म्हणतात तरी.

म्हणजे त्या क्षणी आपल्याला कळलेलं होतं. माझ्या हिशेबात ही खूणगाठ पक्की आहे. नळी चुकली तेव्हा आपण बेसावध होता. डिझेल वरून ओतलंत तेव्हा नव्हता. तिथून पुढे जेवढी किल्ली फिरली, तेवढी जाणूनबुजून फिरली.

मढच्या अलीकडे गाडी बंद पडली. दिवेलागण. दोन्ही बाजूंना ऊस. आपल्याला पुण्यात बिबट्या व्हॉट्सअॅपवर दिसतो. जुन्नरात तो उसातून दिसतो. माणिकडोहला वनखात्याने बिबट्यांसाठी निवारा केंद्र बांधलं आहे ते पर्यटकांच्या करमणुकीसाठी नव्हे, तर इथे उसातच त्यांची बाळंतपणं होतात म्हणून. संध्याकाळी लहान मुलाला उसाच्या कडेला नेऊ नये, हे आमच्याकडे बाराखडीच्या आधी शिकवतात. आपण नातीला गाडीतून उतरवलंत, कारण ढकलताना वजन कमी हवं. रस्त्याने जाणाऱ्या एका दूधवाल्याने मोटारसायकल थांबवली, पोरीला आधी परत आत बसवलं, आणि मग धक्का मारला. त्याचं नाव आपण विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर त्याला या धोंड्याला जेवायला बोलावलं असतं, पाटावर आपल्या शेजारी.

स्टार्टर मारत, थांबत, परत मारत आपण रात्री दहाला घरी आलात. मी ओट्यावर होतो. आवाज ऐकला. आपण म्हणालात, "घाटात ट्रॅफिक होतं." जेवलात. धोंडे परत वाढले गेले. सकाळी उजाडायच्या आत आपल्या गाडीने निघालात, कारण ऑफिस. निघताना काच खाली करून मला म्हणालात, "बाबा, बोलेरोचं सर्व्हिसिंग करून घ्या. पिकअप जरा कमी वाटला."

हे वाक्य मी आमच्या देवघरात चौकट करून लावणार होतो. सासूबाईंनी नको म्हटलं.

मंचरच्या मेकॅनिकने फिल्टर सोडला, चार थेंब तळहातावर घेतले, फुंकर मारली. थेंब उडून गेले. डिझेल असं उडत नाही, तेलकट डाग ठेवतं. मग त्याने वास घेतला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की वर्गात मीच कॉपी करताना सापडलोय. फिल्टरच्या वाटीच्या तळाला बारीक चमचमणारा कीस होता. "मास्तर, चांदी," तो म्हणाला. धोंड्याच्या महिन्यात सासऱ्याने जावयाला चांदी द्यावी अशी रीत आहे. जावयाने दिल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं. पंप गेला, इंजेक्टर गेले, रेल आणि नळ्या सोडून धुवाव्या लागल्या, टाकी उतरवून साफ केली. बिल लाखाच्या उंबरठ्यावर जाऊन थांबलं. विमावाल्यांनी नम्रपणे सांगितलं की हा अपघात नव्हे. मी त्यांना सांगायला गेलो होतो की लग्न ठरवताना आम्हालाही तसंच वाटलं होतं, पण लेक शेजारी उभी होती.

वारकरी घरातली गाडी आहे. माझ्या गळ्यात माळ, तिच्या आरशाला तुळशीची माळ. पेट्रोलात तेव्हा बहुतेक पंपांवर दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असायचं, आता वीस टक्के असतं. इथेनॉल म्हणजे सरळ भाषेत दारूच, तीही आपल्याच शिवारातल्या उसासारख्या उसाची. माळकऱ्याला एकादशीच्या तोंडावर कुणी पाजली असती तर गावाने पाजणाऱ्याला वाळीत टाकलं असतं. आपल्याला आम्ही परत धोंड्याला बोलावतो आहोत.

पैशांचं मी विसरलो, असं सासूबाईंना सांगितलेलं आहे. आता जे लिहितो ते पैशांबद्दल नाही.

बिल आलं त्या रात्री मी आपल्याला फोन केला. फक्त विचारलं, पेट्रोल पडलं होतं का? आपण क्षणभर थांबलात आणि म्हणालात, "पंपवाल्यानेच काहीतरी भरलं असणार. हल्ली सगळीकडे भेसळ." आणि तेवढ्यावर न थांबता आपण त्या पंपाला मोबाइलवर एक तारा देऊन लिहिलंत की इथे भेसळीचं डिझेल मिळतं, आमच्या गाडीचं वाटोळं झालं. वर तेल कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर तक्रार, गाडीच्या नंबरसह.

जावईबापू, भेसळ हा आरोप महाराष्ट्रात असा हवेत सोडायचा नसतो. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी इंधनात भेसळ करणारी टोळी पकडली, आणि त्या टोळीने त्यांना तिथेच जिवंत जाळलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. शाळेत झेंडावंदनाला मुलांसमोर काय बोलायचं, हे आम्हा मास्तरांना सुचत नव्हतं. भेसळ म्हणजे ते. आपला अंगठा फोनवर असताना पोराने दोनदा विचारूनही न दिलेलं उत्तर, म्हणजे भेसळ नव्हे.

मी पंपावर गेलो. भांडायला नाही, विचारायला. ग्राहकाला तिथे डिझेलची घनता मोजून मागता येते, पाच लिटरच्या मापाने माप तपासून मागता येतं. हक्क आहे तो, आपणही कधी वापरून बघा. मॅनेजरने काही कुरकुर न करता उंच काचेच्या भांड्यात डिझेल घेतलं, हायड्रोमीटर सोडला, तापमान पाहिलं, तक्ता काढला, वहीतल्या सकाळच्या आकड्याशी माझ्यासमोर जुळवून दाखवलं. डिझेल डिझेलच होतं. मग मी ती घडी न मोडलेली पावती टेबलावर ठेवली. मग त्याने कॅमेरा लावला.

ते पोरगं तेव्हा कामावर नव्हतं. आपली तक्रार वर गेली होती, वरून फोन आला होता, मालकाने त्याला घरी बसवलं होतं आणि अर्ध्या महिन्याचा पगार अडकवला होता. 'चौकशी होईपर्यंत.' पोरगं डिंभे धरणाच्या वरच्या अंगाचं, महादेव कोळ्याचं. तो भाग आपल्याला ठाऊक आहे का? आमच्या तालुक्याचं नाव ज्या गावावरून पडलं ते आंबेगावच त्या धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार म्हणून घोडेगावातून चालतो. धरणाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलं, ते आमच्याच महाळुंगे पडवळचे. घरदार, जमिनी तिथल्या लोकांच्या गेल्या, कालवे पूर्वेकडे आले आणि ऊस आमच्याकडे उभा राहिला. त्या वरच्या गावांतली पोरं हायवेवर येऊन बारा-बारा तास उभी राहतात, दिवसभर तोच वास घेतात आणि प्रत्येक गाडीवाल्याला तेच विचारतात, "पेट्रोल की डिझेल?" उत्तर ऐकायची त्यांची नोकरी आहे. न मिळालेल्या उत्तराची भरपाई त्यांच्या पगारातून होते, हे मला त्या टेबलापाशी कळलं.

मॅनेजर भला. चित्र बघून त्याने मालकाला फोन लावला, पोरगं चार दिवसांनी परत कामावर आलं. पगाराचं काय झालं ते मी मालकाला विचारलं. त्याने मला चहा पाजला. जुन्नर-आंबेगावात या उत्तराचा अर्थ सगळ्यांना कळतो.

मी पोराला भेटलो तेव्हा माझ्या डोक्यात होतं की हा आपल्याला चार शिव्या घालेल आणि मला बरं वाटेल. तो म्हणाला, "मास्तर, मी दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर साहेब चिडले असते." चिडणाऱ्या साहेबाला तिसऱ्यांदा विचारायची हिंमत त्या पोराकडून मी तरी कशी मागू? आपल्या टीममध्ये कुणी आपल्याला तिसऱ्यांदा विचारतं का, हे लेकीला विचारून घेणार आहे.

तर यंदाच्या धोंड्याबद्दल. आपण या. आपल्या गाडीने या, आपल्या गाडीने फिरा. दर्शन घोडेगावातल्याच देवळाचं घ्यावं, चालत जाता येतं. यायच्या आधी मोबाइलवरचा तो एक तारा खाली उतरवा. मी परवा नातवाकडून पाहून घेतलं, तो अजून तिथेच लुकलुकतो आहे आणि त्याखाली आणखी दोन शहाण्यांनी 'अगदी बरोबर' असं लिहिलेलं आहे. मग नारायणगावजवळ गाडी थांबवा. पोरगं हल्ली रात्रपाळीला असतं. आता तो उत्तर नुसतं ऐकत नाही, गिऱ्हाइकाकडून मोठ्याने म्हणवून घेतो आणि मगच नळी उचलतो. त्याला काय बोलायचं ते मी सांगणार नाही. पदव्या आपल्याकडे आहेत. अडकलेल्या अर्ध्या पगाराचा आकडा मात्र त्यालाच विचारा, आणि पाकिटातून काढताना फोन खिशात ठेवा.

ताटाचं असं आहे, की यंदा आपल्या पुढ्यात बत्तीस अनारसे असतील. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. मोजून घ्यायची आपली सवय नाही, म्हणून आधीच कळवतो. तेहेतिसावा मी डब्यात घालून पंपावर पोचवणार आहे.

लेकीला आणि नातीला आशीर्वाद. आपल्याला वर दिलेच आहेत.

आपला,
सासरा

ता. क. बोलेरोची किल्ली हल्ली सासूबाईंच्या कमरेला असते. मागून बघा. त्या देतील, जावयाला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही. बॅटरीची वायर मी काढून ठेवली आहे.